पिएत्रो द'आबानो

पिएत्रो द'आबानो (लॅटिन नाव : पेत्रुस दे आबानो, जन्म : अंदाजे १२५७, आबानो, इटली, मृत्यू : १३१५ किंवा १३१६, पादुआ) हा मध्ययुगीन इटलीतील वैद्य, तत्त्वज्ञ, भाषांतरकार आणि ज्योतिषज्ञ होता. पादुआ येथील विद्यापीठात त्याने वैद्यक, तत्त्वज्ञान आणि ज्योतिष हे विषय शिकवले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल आणि ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या मतांतील विरोध मिटवण्यासाठी लिहिलेला 'कॉन्सिलिएटर' हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ होय. वैद्याला ग्रहताऱ्यांचे ज्ञान आवश्यक आहे, असे त्याने या ग्रंथात सविस्तर प्रतिपादन केले. या मतांमुळे तो धर्मन्यायालयाच्या चौकशीत सापडला आणि खटला चालू असतानाच त्याचा मृत्यू झाला. मृत्यूनंतर काही शतके तो लोकांच्या स्मरणात मांत्रिक म्हणून राहिला. आधुनिक अभ्यासक मात्र त्याला निसर्गातील घटनांची नैसर्गिक कारणे शोधणारा विचारवंत मानतात. मध्ययुगाच्या अखेरीस राशी, ग्रह आणि मानवी शरीर यांची जी चित्रे हस्तलिखितांत व भिंतींवर काढली गेली, त्यांच्या इतिहासातही त्याचे नाव येते.

पार्श्वभूमी

तेराव्या शतकातील युरोपीय वैद्यक मुख्यतः गॅलेनच्या सिद्धान्तांवर उभे होते. रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त या चार द्रवांचा समतोल म्हणजे आरोग्य आणि तो ढळणे म्हणजे रोग, असे त्या काळी मानले जाई. उष्ण, शीत, आर्द्र आणि शुष्क हे चार गुण जसे या द्रवांत असतात, तसेच ते ग्रहांत आणि राशींतही असतात, अशी समजूत होती. त्यामुळे आकाशातील बदलांचा शरीरावर परिणाम होतो हे मत त्या काळच्या विद्वानांना अंधश्रद्धा वाटत नसे. भौतिकशास्त्राचाच तो एक भाग होता. सूर्यामुळे ऋतू बदलतात आणि चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते. मग शरीरातील द्रवांवर चंद्राचा प्रभाव पडत असेल, तर त्यात आश्चर्य ते काय, असा हा युक्तिवाद होता.

या कल्पनेचा प्रत्यक्ष उपयोग प्रामुख्याने दोन ठिकाणी होई. पहिला उपयोग तीव्र ज्वराचे निर्णायक दिवस ठरवण्यासाठी. आजार सुरू झाल्यापासून सातव्या, चौदाव्या किंवा विसाव्या दिवसाच्या सुमारास रोग्याची अवस्था पालटते, असे गॅलेनने 'निर्णायक दिवस' या विषयावरील ग्रंथात सांगितले होते आणि या कालखंडांचा संबंध चंद्राच्या गतीशी जोडला होता. दुसरा उपयोग रक्तमोक्षणासाठी, म्हणजे शीर तोडून रक्त काढण्यासाठी. शरीराचा प्रत्येक भाग एकेका राशीच्या अमलाखाली असतो आणि चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवाला शस्त्र लावू नये, हा नियम टॉलेमीच्या नावावर खपणाऱ्या एका संग्रहामुळे सर्वत्र प्रसिद्ध झाला होता.

लॅटिनमध्ये त्या काळी 'खगोलशास्त्र' आणि 'फलज्योतिष' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जात. मराठीतील 'ज्योतिष' या शब्दातही गणित आणि फल हे दोन्ही भाग येतात. पिएत्रोच्या लेखनात ज्योतिष म्हणजे हे दोन्ही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

जन्म आणि शिक्षण

पिएत्रोचा जन्म पादुआ शहराजवळील आबानो या गावी झाला. युगानियन टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले हे गाव उष्ण झऱ्यांसाठी रोमन काळापासून प्रसिद्ध आहे. आजारी माणसे तेथे स्नानासाठी येत असत. पिएत्रोचे वडील कोस्तान्झो हे दस्तऐवज लिहिणारे आणि प्रमाणित करणारे अधिकारी होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे इतकी या कुटुंबाची स्थिती होती.

तरुणपणी पिएत्रो कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि तेथे ग्रीक भाषा शिकला. त्या काळी पश्चिम युरोपातील फार थोड्या वैद्यांना ग्रीक येत असे. बहुतेकांना गॅलेन आणि ॲरिस्टॉटल माहीत होते ते अरबीतून लॅटिनमध्ये आलेल्या भाषांतरांवरून. पिएत्रोला मूळ ग्रंथ वाचता येऊ लागले. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला 'समस्या' हा ग्रीक ग्रंथ त्याला कॉन्स्टँटिनोपलमध्ये मिळाला. शरीर, आवाज, घाम, झोप, खिन्नता अशा अनेक विषयांवरील प्रश्न आणि त्यांची उत्तरे अशी या ग्रंथाची रचना आहे. पिएत्रोने त्यावर विस्तृत भाष्य लिहिले आणि ते १३१० साली पूर्ण केले. लॅटिन जगातील या ग्रंथावरचे हे पहिले मोठे भाष्य होय. गॅलेनच्या काही ग्रंथांचेही त्याने ग्रीकमधून लॅटिनमध्ये भाषांतर केले. वैद्यांसाठीच्या ज्योतिषावरील आणि हिपोक्रेटिसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका छोट्या ग्रंथाचे भाषांतरही त्याच्या नावावर आहे.

पॅरिसमधील वास्तव्य

तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पिएत्रो पॅरिसमध्ये होता. पॅरिसचे विद्यापीठ हे त्या काळी ख्रिस्ती युरोपातील विद्येचे प्रमुख केंद्र होते. येथे १२९५ साली त्याने चेहऱ्याच्या व शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर एक ग्रंथ लिहिला. तो मांतुआचा सत्ताधीश बार्देलोने बोनाकोल्सी याला अर्पण केला आहे.

याच सुमारास त्याने बाराव्या शतकातील स्पेनचा ज्यू विद्वान अब्राहम इब्न एझ्रा याचे ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्ये आणले. इब्न एझ्राने ते हिब्रूमध्ये लिहिले होते. हागिन नावाच्या एका ज्यू भाषांतरकाराने १२७३ साली त्यांतील काहींचे फ्रेंच भाषांतर केले होते. पिएत्रोला हिब्रू येत नसावे. त्याने फ्रेंचवरून लॅटिन भाषांतर सिद्ध केले. अशा रीतीने अरबी परंपरेत घडलेली विद्या हिब्रू आणि फ्रेंच या दोन भाषांतून लॅटिनमध्ये पोहोचली. या ग्रंथांचा एक संग्रह १५०७ साली व्हेनिसमध्ये पिएत्रोच्या नावाने छापला गेला.

प्रसिद्ध प्रवासी मार्को पोलो याच्याशीही पिएत्रोची भेट झाली होती. विषुववृत्ताखालील प्रदेशात मनुष्यवस्ती शक्य आहे का, या प्रश्नाची चर्चा करताना पिएत्रोने कॉन्सिलिएटरमध्ये या भेटीचा उल्लेख केला आहे. दक्षिणेकडील आकाशात आपण मोठी शेपटी असलेला एक तारा पाहिला, असे मार्को पोलोने त्याला सांगितले आणि त्याची आकृतीही काढून दाखवली. कापूर, अगरू आणि पतंगाचे लाकूड तिकडून येते, अशी माहितीही त्याने दिली. मार्को पोलोची समकालीन विद्वानाने घेतलेली ही एक दुर्मीळ नोंद आहे. ग्रंथांतील मतांइतकेच महत्त्व प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीला देण्याची पिएत्रोची वृत्तीही तीतून दिसते.

पॅरिसमध्येच त्याच्यावर पहिला आरोप झाला. तेथील डॉमिनिकन पंथाच्या धर्मगुरूंनी त्याच्या शिकवणुकीत ५५ चुका दाखवल्या. मनुष्याचा बुद्धियुक्त आत्मा जडद्रव्याच्या अंगभूत शक्तीतून निर्माण होतो असे तो मानतो, हा त्यांपैकी एक आरोप होता. पोपच्या आदेशाने त्याची यातून सुटका झाली. या प्रसंगाची हकिकत पिएत्रोने स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद केली आहे.

कॉन्सिलिएटर

'कॉन्सिलिएटर' या लॅटिन नावाचा अर्थ समेट घडवून आणणारा असा आहे. या ग्रंथामुळे पिएत्रोलाही पुढे हेच नाव मिळाले. ग्रंथाचे लेखन १३०३ च्या सुमारास झाले आणि १३१० मध्ये त्याला सुधारित रूप मिळाले. त्यात २१० वादप्रश्न आहेत. पहिले १० प्रश्न वैद्यकशास्त्राच्या स्वरूपाविषयी, पुढील १०० सिद्धान्ताविषयी आणि उरलेले १०० उपचारांविषयी आहेत.

प्रत्येक प्रश्नाची मांडणी सारखीच आहे. आधी प्रश्नातील संज्ञांचा अर्थ स्पष्ट केला जातो. मग त्याविषयी इतरांनी काय म्हटले आहे ते येते. तिसऱ्या भागात पिएत्रो आपले मत देतो आणि चौथ्या भागात आक्षेपांची उत्तरे देतो. नसांचे मूळ हृदयात आहे की मेंदूत, यांसारख्या प्रश्नांवर तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या बाजूने आणि वैद्य गॅलेनच्या बाजूने भांडत असत. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट समजून घेतले, तर पुष्कळसा विरोध शब्दांचा किंवा दृष्टिकोनाचा असल्याचे दिसते, अशी पिएत्रोची भूमिका होती. ग्रीक, अरब आणि ज्यू ग्रंथकारांची मते तो सारख्याच गंभीरपणे तपासतो.

ग्रंथातील दहावा प्रश्न, वैद्याला ज्योतिषाच्या ज्ञानाने रोग्याची सेवा अधिक चांगली करता येते का, असा आहे. पिएत्रोचे उत्तर होकारार्थी आहे. रोगाला कारण असते. पृथ्वीवरील कारणांच्या मागे आकाशातील अधिक व्यापक कारणे असतात. जो वैद्य फक्त जवळची कारणे पाहतो त्याला अर्धेच ज्ञान असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. शीर केव्हा तोडावी, रेचक केव्हा द्यावे, ज्वराचा निर्णायक दिवस कोणता, हे ठरवताना चंद्राची स्थिती पाहणे त्याला औषधाची मात्रा पाहण्याइतकेच स्वाभाविक वाटते.

ग्रहांच्या शुभ स्थितीत धातूवर कोरलेल्या आकृतींचाही तो विचार करतो. पुढे १४८९ साली फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ आणि वैद्य मार्सिलिओ फिचिनो याने दीर्घायुष्य व आरोग्य यांवरील आपल्या ग्रंथात अशा आकृतींची चर्चा करताना पिएत्रोचा आधार घेतला. मंत्रोच्चारांबद्दल पिएत्रोचे मत विशेष लक्षणीय आहे. मंत्राने रोग्याला बरे वाटत असेल तर त्याचे एक कारण रोग्याच्या मनात निर्माण होणारी आशा आणि वैद्यावरील विश्वास हे आहे, असे तो मानतो. ज्या ठिकाणी इतरांना भूतपिशाच्च दिसत असे, तेथे तो मनाचा शरीरावरील परिणाम शोधत होता.

पादुआ आणि अन्य ग्रंथ

१३०६ च्या सुमारास पिएत्रो पादुआला परतला आणि तेथील विद्यापीठात शिकवू लागला. वैद्यकाचे विद्यार्थी तत्त्वज्ञानही शिकत आणि ज्योतिषही. एकाच गुरूकडे हे तिन्ही विषय शिकण्याची पद्धत इटलीतील विद्यापीठांत पुढेही बराच काळ टिकली.

ज्योतिषावरील 'ल्युसिडेटर' हा त्याचा ग्रंथ १३१० च्या सुमाराचा आहे. ज्योतिषविद्येच्या वैधतेविषयीचे आक्षेप आणि ग्रहगतीच्या सिद्धान्तांतील अडचणी यांची चर्चा त्यात कॉन्सिलिएटरच्याच पद्धतीने केली आहे. आठव्या गोलाच्या, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या गोलाच्या, गतीवरही त्याने लिहिले. विषांविषयीचा त्याचा ग्रंथ सर्वांत अधिक वाचला गेला. त्यात खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज अशी विषांची वर्गवारी, त्यांची लक्षणे आणि त्यांवरील उतारे दिले आहेत. सरदार आणि धर्माधिकारी यांना विषप्रयोगाची भीती नेहमी असे. त्यामुळे या ग्रंथाच्या अनेक प्रती झाल्या आणि पुढे त्याची अन्य भाषांत भाषांतरेही झाली. मुद्रणकला इटलीत आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १४७२ साली, मांतुआ येथे कॉन्सिलिएटर छापला गेला.

धर्मन्यायालय आणि मृत्यू

पादुआला परतल्यावरही पिएत्रोवरील संशय संपला नाही. ग्रह माणसाच्या शरीरावर परिणाम करतात, एवढे मत चर्चला मान्य होते. थॉमस ॲक्वायनससारख्या धर्मशास्त्रज्ञांनीही ते स्वीकारले होते. मात्र ग्रह माणसाच्या इच्छेवर सत्ता चालवत नाहीत आणि ईश्वरी चमत्कार ग्रहांच्या आधीन नाहीत, ही मर्यादा ओलांडता येत नसे.

पिएत्रो या मर्यादेच्या फार जवळ गेला होता. कॉन्सिलिएटरच्या नवव्या प्रश्नात त्याने गुरू आणि शनी यांच्या महायुतींची चर्चा केली आहे. ही युती सुमारे २० वर्षांनी होते आणि तिचा मोठा कालखंड सुमारे ९६० वर्षांचा असतो, असे मानले जाई. अशा महायुतींनंतर जगात मोठे राजे व नवे धर्मसंस्थापक उदयाला येतात, हे अरब ज्योतिषी अबू माशर याचे मत पिएत्रोने स्वीकारले. त्याच्या उदाहरणांच्या यादीत मोशे, अलेक्झांडर आणि मुहम्मद यांच्याबरोबर येशूचाही समावेश होता. ईश्वरी अवताराला आकाशातील घटनांच्या मालिकेत बसवणे धर्माधिकाऱ्यांना सहन होणारे नव्हते. मेलेल्यांना जिवंत करण्याचे चमत्कार म्हणजे गाढ मूर्च्छेतून जागे झालेल्यांच्या कथा असाव्यात असे तो म्हणे, असाही आरोप त्याच्यावर ठेवला गेला.

आयुष्याच्या अखेरच्या काळात पादुआ येथे त्याच्यावर पुन्हा खटला सुरू झाला. १३१५ साली केलेल्या मृत्युपत्रात त्याने ख्रिस्ती धर्मावरील आपली श्रद्धा स्पष्टपणे जाहीर केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच तो मरण पावला.

त्यानंतर काय घडले याविषयी दोन प्रकारचे वृत्तान्त आहेत. एका वृत्तान्तानुसार धर्मन्यायालयाने मृत पिएत्रोला दोषी ठरवले आणि त्याचे प्रेत उकरून जाळण्याचा आदेश दिला; परंतु एका निष्ठावान सेविकेने ते रातोरात दुसऱ्या चर्चमध्ये लपवले आणि न्यायालयाला त्याच्या प्रतिमेच्या दहनावर समाधान मानावे लागले. स्ट्रासबर्गचा थॉमस हा चौदाव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ मात्र पादुआत पिएत्रोची हाडे जाळली गेली तेव्हा आपण तेथे उपस्थित होतो, असे सांगतो. १३२७ साली फ्लॉरेन्समध्ये चेक्को द'आस्कोली या ज्योतिषाला जिवंत जाळण्यात आले. या घटनेवरून त्या काळात अशा आरोपांचा शेवट कुठे होऊ शकत असे याची कल्पना येते.

चित्रपरंपरा

पादुआ शहराच्या मध्यभागी 'पालाझ्झो देल्ला राज्योने' ही न्यायसभेची इमारत आहे. तिचे वरच्या मजल्यावरील सभागृह सुमारे ८१ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद आहे. त्याचे भव्य छप्पर १३०६ ते १३०९ या काळात, म्हणजे पिएत्रो पादुआला परतल्यानंतर लगेच, नव्याने उभारले गेले. या छपरावर जोत्तो या थोर चित्रकाराने बारा राशी आणि सात ग्रह रंगवले होते, असे चौदाव्या शतकातील पादुआचा इतिवृत्तकार जोव्हान्नी दा नोनो सांगतो. या चित्रांची योजना पिएत्रोच्या विचारांवर आधारलेली होती अशी परंपरा आहे. १४२० मध्ये लागलेल्या आगीत ही चित्रे नष्ट झाली. नंतर निकोलो मिरेत्तो आणि इतर चित्रकारांनी सभागृहाच्या चारही भिंतींवर ३०० हून अधिक चौकटींत नवी चित्रे काढली. वर्षाचे बारा महिने, राशी, ग्रह, त्या त्या काळातील उद्योगधंदे आणि ग्रहांच्या प्रभावाखाली जन्मलेल्या माणसांचे स्वभाव असा या चित्रांचा क्रम आहे. ज्या सभागृहात न्यायनिवाडे होत, तेथेच माणसाच्या स्वभावावरील आकाशाची सत्ता चितारलेली असावी, ही गोष्ट त्या काळच्या विचारपद्धतीवर प्रकाश टाकते.

हस्तलिखितांतही ही विद्या चित्रांच्या रूपाने पसरली. त्यांतील सर्वांत परिचित आकृती म्हणजे राशिपुरुष. उभ्या नग्न मानवाकृतीच्या डोक्यावर मेष, मानेवर वृषभ, खांद्यांवर व हातांवर मिथुन, छातीवर कर्क, हृदयाजवळ सिंह, पोटावर कन्या, कमरेवर तूळ, जननेंद्रियांवर वृश्चिक, मांड्यांवर धनू, गुडघ्यांवर मकर, पोटऱ्यांवर कुंभ आणि पावलांवर मीन अशा राशी दाखवलेल्या असतात. चित्र पाहून आज कोणत्या अवयवाची शीर तोडू नये हे वैद्याला चटकन कळे. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकातील वैद्य कमरेला लटकवता येतील अशी घडीची छोटी पंचांगे बाळगत. त्यांत ग्रहणांचे तक्ते, राशिपुरुष आणि शिरांच्या जागा दाखवणारी आकृती असे. काही हस्तलिखितांत चंद्राची स्थिती काढण्यासाठी फिरणाऱ्या कागदी चकत्या जोडलेल्या असत. फ्रान्समधील बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी पंधराव्या शतकाच्या आरंभी सजवलेल्या प्रार्थनापोथीतील राशिपुरुष हे या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. सर्वसाधारण पंचांगांत उपयोगाची म्हणून आलेली आकृती तेथे राजेशाही कलाकृती बनली.

या चित्रपरंपरेचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. ज्योतिषात प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग केले जातात. त्यांना संस्कृतमध्ये द्रेष्काण म्हणतात. अशा ३६ द्रेष्काणांच्या आकृतींची वर्णने वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहज्जातक' या ग्रंथात आहेत. अबू माशर याने नवव्या शतकात आपल्या ग्रंथात भारतीयांच्या मतानुसार म्हणून अशीच वर्णने दिली. तो ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आला. पिएत्रोच्या पिढीतील ज्योतिषज्ञ त्याच्या आधाराने काम करत होते. राशिचक्राच्या ३६० अंशांपैकी प्रत्येक अंशासाठी एक चित्र आणि त्या अंशावर जन्मलेल्याचे भाकीत देणारा संग्रह पिएत्रोच्या नावाने प्रचलित झाला. योहानेस एंगेल याने तो 'ॲस्ट्रोलेबियम प्लानम' या ग्रंथात समाविष्ट केला आणि एर्हार्ड रॅटडोल्ट याने १४८८ साली आउग्सबुर्ग येथे तो काष्ठचित्रांसह छापला. या संग्रहाची जर्मन आवृत्ती असलेले एक रंगीत हस्तलिखित हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहे. जर्मन कलेतिहासकार आबी वारबुर्ग याने १९१२ साली रोममधील व्याख्यानात फेर्रारा येथील स्किफानोया प्रासादाच्या भित्तिचित्रांचा अर्थ लावताना हीच परंपरा उलगडून दाखवली. चित्रांतील गूढ आकृतींचे मूळ अबू माशरच्या द्रेष्काणांत आणि त्यामागे भारतीय ज्योतिषात आहे, असे त्याने मांडले आणि या साखळीत पिएत्रोच्या संग्रहाचे स्थानही दाखवले.

मृत्यूनंतरची प्रतिमा

पिएत्रोविषयी लवकरच दंतकथा पसरल्या. त्याने सात आत्मे स्फटिकात कोंडून ठेवले होते आणि ते त्याला सात विद्या शिकवत असत, अशी एक कथा आहे. सोळाव्या शतकात 'हेप्टामेरॉन' नावाचा मंत्रतंत्राचा एक ग्रंथ त्याच्या नावावर छापला गेला. तो त्याचा नाही, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्योतिषावर कठोर टीका करणारा पिको देल्ला मिरांदोला यानेही त्याला लक्ष्य केले.

तथापि त्याच्या शहराने त्याला नाकारले नाही. पालाझ्झो देल्ला राज्योनेच्या दारांवर पादुआच्या थोर पुरुषांची शिल्पे आहेत; त्यांत रोमन इतिहासकार लिव्ही याच्याबरोबर पिएत्रोही आहे. त्याच्या शिल्पाखालील कोरीव लेखात त्याच्या ज्योतिषज्ञानामुळे त्याच्यावर जादूचा संशय आला, पाखंडाचा आरोप मात्र खोटा होता आणि त्यातून तो मुक्त झाला, असे म्हटले आहे. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याने पंधराव्या शतकात आपल्या अभ्यासिकेत लावलेल्या थोर विद्वानांच्या चित्रांत पिएत्रोचे चित्र होते. ते आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १६२५ साली फ्रेंच विद्वान गाब्रिएल नोदे याने जादूचा खोटा आरोप झालेल्या थोर पुरुषांचा बचाव करणाऱ्या ग्रंथात पिएत्रोची बाजू मांडली.

मूल्यमापन

पिएत्रोने मांडलेली अनेक विधाने आज विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाहीत. चंद्राची राशी पाहून शीर तोडण्याने रोग बरे होत नाहीत आणि रक्तमोक्षणाने अनेक रोग्यांचे नुकसानच झाले. १३४८ साली काळ्या मृत्यूच्या साथीचे कारण विचारले असता पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने १३४५ मधील कुंभ राशीतील शनी, गुरू आणि मंगळ यांच्या युतीकडे बोट दाखवले. पिएत्रो ज्या विचारपद्धतीचा पुरस्कार करत होता तिच्या मर्यादा या उत्तरातून स्पष्ट होतात. चित्रांनी ती पद्धत वैद्यांच्या आणि सामान्य वाचकांच्या इतकी अंगवळणी पाडली की सतराव्या शतकापर्यंत छापील पंचांगांतून राशिपुरुष निघून गेला नाही.

तरीही पिएत्रोचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी मानले जाते. ज्या गोष्टी देवदूतांच्या किंवा पिशाच्चांच्या माथी मारल्या जात, त्यांच्यासाठी तो नैसर्गिक कारण मागत होता. ग्रहांवरचा त्याचा विश्वास आणि चमत्कारांविषयीचा त्याचा संशय या दोन्हींचे मूळ एकच होते : जगात जे काही घडते त्यामागे कारणांची शोधता येणारी मालिका असते, हा त्याचा दृढ समज. ही मालिका आकाशातून सुरू होते असे मानण्यात त्याची चूक झाली. परंतु अशी मालिका असते हे मानण्यात नव्हे. धर्मन्यायालयाला धोका वाटला तो या दुसऱ्या गोष्टीचा. पिएत्रोच्या काळापासून दोन शतकांहून अधिक काळ पादुआचे विद्यापीठ युरोपातील वैद्यकशिक्षणाचे अग्रगण्य केंद्र राहिले. सोळाव्या शतकात येथेच आंद्रेआस व्हेसालिअस याने शवविच्छेदन शिकवले आणि गॅलेनच्या शरीररचनेतील चुका दाखवून दिल्या.

२०२१ साली युनेस्कोने पादुआतील चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. पालाझ्झो देल्ला राज्योने ही इमारत त्या स्थळाचा भाग आहे.